हरित पट्टा कुणासाठी? कळमन्याच्या बाजूने नागपूरच्या जमिनीचा इतिहास

शहराच्या कडेची हरित पट्ट्यातली जमीन घरबांधणीसाठी मोकळी करण्याचा प्रस्ताव आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "झाडं, पक्षी, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आपल्याला घर पाहिजे. होऊ द्या." दुसरा आवाज सिव्हिल लाईन्सच्या बाजूने आलेल्या निवेदनावर, त्यात काय लिहिलं आहे ते न वाचताच सही करतो. आमचं म्हणणं आहे की हे दोन्ही मार्ग आंबेडकरी चळवळीचे नाहीत. अशा प्रस्तावाला आपण हरकत घेतलीच पाहिजे, पण आपल्या कारणांनी आणि आपल्या इतिहासाच्या आधारे. तो इतिहास मांडण्यासाठी हा लेख आहे.

आम्ही कळमन्याकडून बोलतो आहोत. पूर्व नागपूरचा हा भाग बहुतेकांना बाजार समितीमुळे माहीत आहे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला आणि ते पाठीवर वाहणारे हमाल. पण मार्केटच्या पलीकडे गेलं की पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी या जुन्या मौजा लागतात. इथे शेत, लेआउट, वस्ती आणि रिकामा प्लॉट हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. शहर कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं, हे जमिनीवर नव्हे तर नकाशात ठरतं. म्हणून नकाशा कोण काढतं आणि कोण बदलतं, हा इथल्या माणसाचा रोजचा प्रश्न आहे.

मालगुजार, निस्तार आणि गावाबाहेरची वस्ती

नागपूर जिल्ह्यातली गावं इंग्रजी काळात मालगुजारीची होती. गावाचा मालक मालगुजार. शेतीशिवाय जी जमीन उरायची, म्हणजे चराई, झुडपी जंगल, तलाव, स्मशान, तिच्यावर गावकऱ्यांचे निस्तार हक्क असत. सरपण, गवत, माती, पाणी घेण्याचे हे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले असत. कागदावर हे सगळ्या गावाचे हक्क होते. प्रत्यक्षात ज्यांची वस्तीच गावाच्या टोकाला, त्यांचा पाणवठा वेगळा, स्मशान वेगळं आणि हक्क मालगुजाराच्या मर्जीवर. या भागातला महार समाज कोतवालकी करायचा, मजुरी करायचा आणि मोठ्या संख्येने जाडंभरडं कापड विणायचा. गिरणीच्या कापडाने तो हातमाग मोडला आणि तेच हात गिरणीत गेले. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांत आपले आजे-पणजे होते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. मालगुजाराच्या ताब्यातली पडीक, चराईची जमीन सरकारजमा झाली. म्हणजे ती आता सर्वांची झाली. "सर्वांची" या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. आज हरित पट्ट्याबद्दल आपण जे भांडतो आहोत ते याच शब्दावरून.

१९४२ चा नागपूरचा ठराव

इथे कुणी आम्हाला अडवून विचारेल, "मोकळ्या जमिनीवर वसाहत मागणारी चळवळ तर तुमचीच. मग आता घरांना विरोध कसा?" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्या परिषदेच्या ठरावांमध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी होती. सवर्णांच्या गावापासून वेगळ्या आणि सरकारच्या लागवडीयोग्य पडीक जमिनीवर. पुढे १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये ही मागणी घटनात्मक कलमाच्या भाषेत मांडली. त्यातली तरतूद तरुणांनी मुळातून वाचावी. पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाकडे सोपवायची आणि त्या आयोगाने ती अनुसूचित जातींच्या वसाहतीसाठी विश्वस्त म्हणून धारण करायची, असं ते सांगतात. त्याच पुस्तिकेत शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जात-धर्म न पाहता कसणाऱ्यांना द्यावी, अशीही योजना आहे.

बाबासाहेबांनी मोकळी जमीन मागितली, पण ती बाजारात विकण्यासाठी मागितली नाही. जमीन सार्वजनिक राहील, तिच्यावर विश्वस्त असेल आणि ती ज्याला जमीनच नाही त्याच्या हाती जाईल, अशा तीन अटी त्या मागणीत आहेत. आज हरित पट्टा उठवण्याचे जे प्रस्ताव येतात त्यात या तीनपैकी एकही अट नसते. जमीन खाजगी होते, तिचा विश्वस्त उरत नाही आणि फ्लॅट ज्याच्याकडे कर्ज फेडण्याची ऐपत आहे त्यालाच मिळतो. म्हणून १९४२ चा ठराव अशा प्रस्तावाच्या बाजूने नव्हे, विरोधात उभा राहतो.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा भूमिहीनांचा सत्याग्रह याच वाटेचा पुढचा टप्पा. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी तर त्यात होतीच, पण झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा, हीसुद्धा रिपब्लिकन पक्षाच्या मागणीपत्रातली मागणी होती. गावातली जमीन आणि शहरातलं घर हे त्या पिढीसाठी एकाच लढ्याचे दोन भाग होते. आपण त्यांना वेगळं केलं तर नुकसान आपलंच आहे.

गिरण्या बंद झाल्या, लेआउट सुरू झाले

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली. शहर वाढवायचं, रस्ते काढायचे, प्लॉट पाडायचे हे तिचं काम. पण प्रन्यासच्या मंजूर योजनेतला प्लॉट गिरणी कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या, हमालाच्या पगारात कधी बसलाच नाही. त्यामुळे शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला दुसरंच नागपूर वाढलं. शेतकऱ्याकडून शेत घ्यायचं, चुन्याच्या रेषा ओढायच्या, हजार-दीड हजार फुटांचे तुकडे करायचे आणि हप्त्यावर विकायचे. कागद म्हणजे बहुधा इसारपत्र, स्टॅम्पपेपर, नाहीतर सोसायटीची पावती. एन.ए. नाही, मंजूर नकाशा नाही. लेआउटवाला पैसे घेऊन गेला आणि मागे माणसं उरली.

पुढे शासनाला या वास्तवाला नाव द्यावं लागलं. २००१ मध्ये महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा आला. नागपुरात "१९०० लेआउट" आणि "५७२ लेआउट" हे शब्द घराघरात माहीत झाले. डिमांड भरा, विकासशुल्क भरा आणि आर.एल. घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने गुंठेवारीची मुदत १ जानेवारी २००१ वरून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. अनेकांना त्याचा फायदा झाला, हे आम्ही मान्य करतो. पण ज्यांचा प्लॉट नकाशात आरक्षणात किंवा हरित पट्ट्यात दाखवला गेला, त्यांना एकच उत्तर मिळत राहिलं : आर.एल. मिळणार नाही. आर.एल. नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, नकाशा मंजूर होत नाही आणि डोक्यावर कायमची टांगती तलवार.

इथपर्यंत कुणी म्हणेल, कायदा तो कायदा, हरित पट्टा म्हणजे हरित पट्टा. आम्हीही तेच म्हणू, जर हा नियम सगळ्यांना सारखा लागत असेल तर. तो तसा लागतो का, हे तपासू.

एकाच हिरव्या रंगाचे दोन कायदे

महाराष्ट्रात विशेष नगर वसाहतीचं आणि नंतर एकात्मिक नगर वसाहतीचं धोरण आहे. त्यानुसार शेती विभागात किंवा हरित विभागातही मोठी वसाहत उभारता येते. अट एवढीच की सलग जमीन किमान ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर असली पाहिजे. त्यासाठीचं अधिमूल्य भरलं की वाट मोकळी. आता दोन माणसं शेजारी ठेवा. एकाकडे हरित पट्ट्यात हजार फूट आहेत, दुसऱ्याकडे १०० एकर. पहिला बेकायदा, दुसरा विकासक. झाडांचं, पाण्याचं, मातीचं नुकसान कुणाकडून जास्त होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

राज्यासाठी २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही परवडणाऱ्या घरांच्या नावाने शेती विभागात बांधकामाला वाट ठेवलेली आहे. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यात ना-विकास क्षेत्रातली जमीन परवडणाऱ्या घरांच्या नावाने खुली करण्यात आली. प्रत्येक ठिकाणी पुढे उभं केलेलं नाव गरिबाचं आहे.

आता त्याच मुंबईतलं दुसरं चित्र पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या हटवा, असा आदेश पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल आणि ७,००० रुपये भरता आले तरच पर्यायी जागेचा हक्क. ज्याच्याकडे ते नव्हते, त्याचं पुढे काय झालं याची फारशी चौकशी कुणी केली नाही. तिथे हिरवं वाचवायचं होतं म्हणून गरीब हटला, आणि ना-विकास क्षेत्रात गरिबाला घर द्यायचं म्हणून हिरवं हटलं. दोन्हीकडे निर्णय घेणारा वर्ग एकच होता आणि दोन्हीकडे आपल्याला विचारलं गेलं नाही.

तरीही हरित पट्टा वाचला पाहिजे

या अन्यायावरून काही मित्र निष्कर्ष काढतात की हरित पट्टा ही कल्पनाच फसवी आहे, ती गेली तर गेली. आम्हाला हे पटत नाही. कारण हिरवं गेल्यावर त्याची किंमत कोण मोजतं, ते पूर्व नागपुरात रोज दिसतं.

शहराचा उतार पूर्वेकडे आहे. नागनदी पश्चिमेच्या तलावांकडून निघून सगळ्या शहराचं सांडपाणी घेत पारडीकडे येते. पिवळी नदी उत्तर नागपूरच्या वस्त्यांमधून पूर्वेकडेच येते. शहराचा कचरा भांडेवाडीत टाकला जातो. म्हणजे पश्चिमेचं पाणी, घाण आणि कचरा पूर्वेच्या वाट्याला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी घरात शिरली आणि माणसं मेली. त्या वेळी पश्चिमेच्या चांगल्या लेआउटमध्येही पाणी शिरलं म्हणून देशभर बातमी झाली. नाल्याकाठच्या वस्त्यांसाठी घरात पाणी शिरणं ही नवी गोष्ट नव्हती. नदीकाठची शेतं आणि मोकळी जमीन पाणी पोटात घेते. तिथे सिमेंट झालं की तेच पाणी खालच्या वस्तीत येतं, आणि खालची वस्ती बहुतेक वेळा आपली असते.

उन्हाचंही तसंच आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो. ज्याच्याकडे एसी आहे त्याला शहरातलं झाड हा शोभेचा विषय असेल. मार्केटमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाला, टिनाच्या छताखाली राहणाऱ्या म्हातारीला ते जगण्या-मरण्याचं साधन आहे. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले, हे वाक्य आपल्या तोंडी कुणी घातलं, याचा विचार करा. ज्यांना जमीन विकायची आहे त्यांच्या सोयीचं ते वाक्य आहे.

मग गरिबाने राहायचं कुठे?

हा प्रश्न टाळून हरकत घेता येणार नाही. उत्तर असं की शहरात जमीन नव्हती असं कधीच नव्हतं. ती दुसरीकडे गेली. एम्प्रेस मिल बंद पडली आणि कामगारांच्या घामाने उभ्या राहिलेल्या त्या जागेवर मॉल आणि उंच इमारती आल्या. शहरी कमाल जमीन धारणा कायदा १९७६ चा. त्याचा उद्देशच जादा शहरी जमीन काढून गरिबांच्या घरांना देणं हा होता. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये गुंडाळला. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठापुढे एक प्रकरण आलं. झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी प्रन्यासने घेतलेली जमीन खाजगी व्यक्तींना देण्याचा आदेश नगरविकास खात्याच्या पातळीवर निघाला होता. न्यायालयाने डिसेंबरमध्ये जैसे-थे ठेवण्यास सांगितलं आणि नंतर तो आदेश मागे घेतला गेला. ज्या शहरात गरिबांच्या घरांसाठी राखलेल्या जमिनीबाबत असे आदेश निघतात, त्या शहरात "गरिबांसाठी हरित पट्टा उठवतो" या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?

कळमन्याच्या शेजारी, पारडी-भरतवाडा-पुनापूर-भांडेवाडीत १,७३० एकरांवर स्मार्ट सिटीची नगररचना योजना आली. आधी वसलेल्या लोकांच्या घरांवरून, प्लॉटवरून रस्ते आखले गेले. योजना आली की शहर येतं, सोयी येतात, हे खरं. पण ज्याच्याकडे मोठी जमीन आहे त्याला तिचा काही भाग देऊनही उरलेल्याचा भाव वाढून मिळतो. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याचा रस्त्यात गेलेला अर्धा भाग म्हणजे त्याचं सगळं घर. योजनेचं गणित टक्क्यांत सारखं दिसतं, माणसांत सारखं नसतं.

सार्वजनिक म्हणजे काय : महाड ते विनय

आपल्या चळवळीचा पहिला मोठा लढाच सार्वजनिक मालमत्तेचा होता, हे आपण विसरतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर सवर्णांनी कोर्टात दावा टाकला. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाही, आमचं आहे. हा दावा दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. एखाद्या गोष्टीला सार्वजनिक म्हणवून घेण्यासाठी आपण रक्त सांडलं आणि दहा वर्षं कोर्टात उभे राहिलो. ती सार्वजनिक झाल्यावर विकायला निघाली तर आपण गप्प कसे बसू?

धम्मातही याचा आधार आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात संघाच्या काही वस्तू "अविस्सज्जिय", म्हणजे देऊन टाकता न येणाऱ्या, सांगितल्या आहेत. त्यात पहिलं नाव आराम आणि आरामाची जमीन यांचं आहे. आराम म्हणजे उपवन. ते एखादा भिक्खू देऊ शकत नाही, भिक्खूंचा गट देऊ शकत नाही, संपूर्ण संघसुद्धा देऊ शकत नाही. कारण ते आज हजर असलेल्यांचं नाही, पुढे येणाऱ्यांचंही आहे. बहुमत आहे म्हणून सभागृहात ठराव करून उपवन विकता येत नाही, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

आधुनिक कायद्यानेही हे मानलं आहे. बंगळूरुमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं आणि परिसरातल्या रहिवाशांना आक्षेप घेण्याचा हक्क आहे, हे मान्य केलं. आपल्या संविधानात अनुच्छेद ३९(ब) भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं सांगतो आणि १९७६ मध्ये आलेला ४८-अ पर्यावरणाचं रक्षण करायला सांगतो. दोन्ही एकाच भागात आहेत. एकाचा हात धरून दुसऱ्याचा गळा दाबा, असं त्यात कुठेही नाही.

हरकत कशी घ्यायची

मंजूर विकास योजनेत फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. त्यासाठी जमिनीचा मालक असण्याची गरज नाही. हरकत घेणाऱ्याला सुनावणीचा हक्क आहे. या कलमाखालचा फेरबदल योजनेचं स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट त्याच कलमात आहे. हरित पट्टा उठवून वसाहत करणं हे स्वरूप बदलणं नाही तर काय आहे, हा आपला पहिला मुद्दा असला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी एवढं करावं. मौजा आणि खसरा क्रमांक घेऊन भाग-नकाशा मिळवा. सातबारा काढा आणि गेल्या दहा वर्षांत जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते पाहा. माहितीच्या अधिकारात विचारा : किती घरं, किती किमतीला, त्यातली आर्थिक दुर्बलांसाठी किती, सांडपाणी कुठे जाणार, पावसाचं पाणी कुठे जाणार. हरकतीत दोन गोष्टी वेगळ्या लिहा. एक, नव्या वसाहतीसाठी हरित पट्टा उठवण्यास आमचा विरोध आहे. दोन, आधीपासून राहणाऱ्या कुटुंबांना त्याच जागी किंवा जवळच हक्काचं घर मिळाल्याशिवाय हलवण्यास आमचा विरोध आहे. पहिली मागणी मांडून दुसरी गाळणाऱ्या निवेदनावर सही करू नका, ते कितीही चांगल्या भाषेत लिहिलेलं असो. आणि सुनावणीला एकटं जाऊ नका. वस्तीतल्या बायांना पुढे ठेवा. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

घर पाहिजे की झाड, असा प्रश्न विचारणाऱ्याला उलट विचारा : गिरणीची जमीन कुठे गेली? कमाल जमीन कायद्यातली जादा जमीन कुठे गेली? प्रन्यासने आमच्या नावाने घेतलेली जमीन कुठे आहे? त्याचा हिशोब आधी द्या. तो मिळेपर्यंत हरित पट्ट्याला हात लावू देणार नाही.

जय भीम!